मण्याला हात लावायचा नाही

खोक्याचं झाकण उघडलं की आधी द्राक्षं दिसत नाहीत, वास येतो. नुकती विझवलेली आगकाडी नाकाजवळ धरावी तसा, जरासा झोंबणारा. मग पातळ प्लॅस्टिकची घडी, तिच्याखाली एक पांढरा कागद आणि त्या कागदाखाली गपगार निजलेले घड. दर फेब्रुवारीत आत्या पिंपळगावहून हे खोकं पाठवते. मी नाशिक सोडून पुष्कळ वर्षं झाली, मध्ये दोन-तीन शहरं बदलली, पण खोकं मला बरोबर शोधत येतं. घरातली मंडळी द्राक्षांवर तुटून पडतात आणि मी तो कागद हातात धरून ओट्याशी उभी राहते. "आईचं सुरू झालं," असं माझा मुलगा म्हणतो आणि माझ्या वाटणीचा घडही घेऊन जातो.

त्या कागदात गंधकाचं मीठ भरलेलं असतं. द्राक्षांची ओल लागली की त्यातून हळूहळू वायू सुटत राहतो आणि बुरशी घडाजवळ फिरकत नाही. सगळे त्याला सल्फरचा कागद म्हणतात. एका हंगामात या कागदाने माझं आयुष्य जवळजवळ अंबडच्या एमआयडीसीत नेऊन ठेवलं होतं. मला त्याचा राग मात्र कधीच आला नाही. उलट दर वर्षी वास आला की बरं वाटतं, आणि का बरं वाटतं हेही मला ठाऊक आहे.

मी प्रयोगशाळेत काम करते. काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, प्रोटीनचे तुकडे जोडते. हे खरं तर चूक आहे. मी काहीच जोडत नाही. ते एकमेकांना जोडले जातील अशा आकाराचे तुकडे बनवते, पाण्यात सोडते आणि बाजूला होते. तुकडे पाण्यात भरकटतात, एकमेकांवर आपटतात, आणि नीट जमलं तर त्यांचे आतून पोकळ असे इवलेसे गोळे होतात. केसाच्या जाडीत असे हजारो गोळे एका ओळीत मावतील. त्यांच्या पोटात औषध भरून ते शरीरात पाठवता येतं, त्यांच्या पाठीवर विषाणूचा एखादा निरुपद्रवी तुकडा चिकटवून लस करता येते. ऐकणारा मान डोलावतो आणि मग हमखास विचारतो, पण जोडतं कोण? हा प्रश्न मला पहिल्यांदा बाबांनी विचारला होता.

बाबा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते. विमानाच्या अंगावरचे पत्रे जिगमध्ये बसवायचे, भोकं पाडायची आणि रिव्हेट मारायचे, हे त्यांचं काम. जिग म्हणजे लोखंडाची भलीमोठी चौकट. पत्रा तिच्यात आवळला की सुताइतकाही हलत नाही. रिव्हेटच्या बंदुकीने त्यांचे कान अर्धे गेले होते, म्हणून ते घरातही कारखान्याच्या शॉपमध्ये असल्यासारखे मोठ्याने बोलत. आणि काही सैल दिसलं की त्यांना चैन पडत नसे. कुकरचा दांडा, खुर्चीचा स्क्रू, माझ्या दप्तराचा पट्टा. मी कॉलेजला निघाले की दारात त्यांचा हात पुढे यायचाच, पट्टा एक घर आवळला जायचा आणि मगच मला जा म्हणून सांगितलं जायचं. एम.एस्सी.ला होते तरी हे चालू होतं. मैत्रिणी हसायच्या, आणि मी चिडायचे.

ती दोन हजारनंतरची, भारनियमनाची वर्षं होती. सकाळी ओझरहून नाशिकला जाणाऱ्या एसटीच्या खिडक्या थंडीने लागत नसत आणि लागल्या तर उघडत नसत. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. पहाटे पारा फार उतरला की बागांतून शेकोट्या पेटवलेल्या असत आणि त्यांचा धूर वेलींच्या मांडवाखाली अडकून राहिलेला दिसे. पाखरं हाकलायला कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत असायचं. बसमधे निम्मे लोक बागेची बोलणी करायचे. मणी फुगला का, गोडी उतरली का, कंटेनर कधी लागतोय. मी त्यांच्यामधे मांडीवर जर्नल घेऊन बसायचे आणि माझ्या मण्यांचा विचार करायचे.

माझ्या मण्याचं नाव फेरिटिन. आपल्या शरीरात लोह साठवून ठेवणारं हे प्रोटीन. चोवीस सारख्या तुकड्यांचा एक पोकळ गोळा असतो. आम्लात टाकला की तुकडे सुटे होतात, आम्ल हळूहळू काढून घेतलं की पुन्हा आपोआप मिटतात. मिटताना जे औषध आसपास असेल ते आत कोंडलं जातं. मला एवढंच करून दाखवायचं होतं: उघडायचं, रंगाचे कण आत घ्यायचे आणि मिटवायचं. यासाठी द्रावण एका पातळ नळीसारख्या पिशवीत भरून ती बरणीतल्या पाण्यात सोडतात. पाणी बदलत गेलं की आम्ल पिशवीतून झिरपून निघून जातं. अट एकच, हे सगळं थंडीत आणि सावकाश व्हावं लागतं. आमच्या कॉलेजात फ्रिज होता, पण दिवसाचे कितीतरी तास वीज नव्हती. दोनदा माझं द्रावण नासलं. दुसऱ्या वेळी बरणीच्या तळाशी दह्याच्या चोथ्यासारखा गाळ बसला आणि मी बेसिनपाशी उभी राहून रडले.

रडायला कारण होतं. आमच्या मॅडमच्या ओळखीचे एक सर पुण्याच्या संस्थेत होते, त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता. त्यांनी मॅडमना सांगितलं होतं की मिटलेले गोळे दिसले तर मुलीला माझ्याकडे कामाला पाठवा. यंत्रावरचा एक दिवसही त्यांनी आम्हाला दिला होता. इकडे बाबांनी अंबडच्या एका औषध कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. त्यांचा जुना सोबती तिथे मोठ्या जागेवर होता. औषधाच्या गोळ्यांचा दर्जा तपासायचं काम, कायमची नोकरी, घरून जा-ये. बाबा दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की जी वस्तू दिसतही नाही तिच्यासाठी हातातली नोकरी सोडायची नाही. फार वाद झाल्यावर ते म्हणाले, मी रजा काढून पुण्याला येतो, एकदा डोळ्यांनी बघतो, मग ठरवू. म्हणजे माझं सगळं त्या एका दिवसावर आलं.

त्या महिन्यांत स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज उलटतपासणी चालायची. किती भाग? चोवीस. डावे किती, उजवे किती? डावे-उजवे नाहीतच बाबा, सगळे एकाच साच्याचे. हे त्यांना पटायचं नाही, कारण विमानात डावीकडचा पत्रा उजवीकडे बसत नाही. मग जिग कुठली? जिग नाही. क्लॅम्प? नाही. मी सांगायचे, त्या तुकड्यांच्या काही बाजू पाण्याला टाळतात, त्या एकमेकींकडे वळतात. काही जागी विजेची ओढ असते. चुकीच्या जागी चिकटला तर पकड कच्ची, लगेच सुटतो, पुन्हा भटकतो. बरोबर बसला की मग सुटत नाही. "म्हणजे चुकायची मुभा आहे त्यांना," असं बाबा म्हणाले आणि पोळीचा तुकडा हातात तसाच धरून बसून राहिले. त्यांच्या शॉपमध्ये चुकीचा रिव्हेट ड्रिलने फोडून काढावा लागे आणि नंतर साहेबाचं ऐकावं लागे.

तर, थंडी हवी होती. ती आत्याकडे होती. आत्याच्या घरच्यांचं पिंपळगावजवळ द्राक्षांचं पॅकहाउस होतं, परदेशी जाणारा माल थंड करायची खोली होती आणि वीज गेली की धडाधडा सुरू होणारा जनरेटर होता. कॉलेजचा फ्रिज बघून आत्याला विचारायची कल्पना मॅडमनाच सुचली. मी बरणी छातीशी धरून गेले. पॅकहाउसमध्ये लांबलचक टेबलांशी बायका बसलेल्या, डोक्याला टोप्या, हातात छोट्या कात्र्या. बहुतेक पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून हंगामापुरत्या आलेल्या. घड देठाला धरून उचलायचा, फिरवायचा, खराब मणी कातरायचा, ठेवायचा. मण्याला बोट लावायचं नाही. बोट लागलं की मण्यावरची पांढरी धूळ पुसली जाते आणि तिकडचा साहेब ते खोकं परत करतो. मी एक घड सहज हाताने उचलला तर आत्याने सगळ्यांसमोर मला झापलं.

त्या टेबलावर सोमीबाई होत्या. सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरून दर वर्षी यायच्या, आत्याच्या सगळ्यांत जुन्या बाई. बरणीत काय आहे ते त्यांनी मला तीनदा विचारलं. मी सांगितलं की यात माझी परीक्षा आहे, हे थंड राहिलं पाहिजे आणि हलता कामा नये. बरणीच्या तोंडाला मी बटर पेपर दोरीने बांधला होता. रोज येऊन पाणी बदलून जायचं आणि शेवटचं पाणी घातलं की पुण्याला निघेपर्यंत बरणी तिथेच ठेवायची, असं ठरलं. रोज आत्याकडे जाणं मला आवडायला लागलं होतं. थंड खोलीतून बाहेर आलं की अंगावर ऊन शालीसारखं पडायचं, आणि सोमीबाई विचारायच्या, "मिटले का गं तुझे मणी?" मी म्हणायचे, दिसत नाही ना बाई. त्यांना या उत्तराचं मोठं नवल वाटायचं.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही बरणी घ्यायला गेलो तेव्हा ती एका द्राक्षाच्या खोक्यात छान भरून ठेवलेली होती. आतून प्लॅस्टिकची पिशवी, बाजूंना कागदाच्या वळकट्या, वर झाकण, पट्टी मारून बंद. प्रवासाला तयार. बाबांनी खोकं हलवून पाहिलं, आतलं काही हललं नाही, आणि ते खूश झाले. पुण्यापर्यंत त्यांनी ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

संस्थेच्या प्रयोगशाळेत आधीच येऊन थांबलेल्या मॅडमनी पट्टी कापली आणि तो वास आला. मला वाटलं कुणी आगकाडी ओढली. प्लॅस्टिकची घडी उघडली तर बरणीवर एकावर एक सल्फरचे दोन कागद. बटर पेपर दमट होऊन त्यांना चिकटलेला. मॅडमनी पाण्यात आम्ल तपासायची पट्टी बुडवली. ती लाल झाली. रोज पाणी बदलून आम्ही जे आम्ल बाहेर काढलं होतं ते त्या वायूने परत पाण्यात आणून सोडलं होतं. म्हणजे गोळे उघडेच होते. मी खुर्चीवर बसले. माझ्या डोळ्यांसमोर अंबडचं फाटक आलं, खरंच आलं, त्याचा निळा रंगही. बाबांना काही कळेना, ते मोठ्याने विचारत राहिले, काय झालं, गळती झाली का?

सर आले, त्यांनी वास घेतला, कागद बघितले, हे कुठून आलं ते विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, यंत्र संध्याकाळपर्यंत तुमचंच आहे. सुटे झालेत, मेलेले नाहीत. पाणी बदला आणि वाट बघा.

ताजं पाणी घालून बरणी त्यांच्या थंड कपाटात ठेवली आणि आम्ही बाप-लेक बाहेर एका पिंपरणीखाली बाकावर बसलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबांना हे जमत नव्हतं. ते बाकाचा नट बोटाने फिरवून बघत होते. मग म्हणाले, जरा हलवून यावं का बरणी, लवकर होईल. मी म्हटलं, घाई केली की वाट्टेल तसे चिकटतात, गाळ होतो. थोड्या वेळाने म्हणाले, मग थोडं गरम? मी नाही म्हटलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. इतका वेळ रिकाम्या हातांनी बसलेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते. मला त्यांची दया आली आणि स्वतःबद्दल धास्ती वाटली. मधेच त्यांनी विचारलं की हे गोळे आपल्याही अंगात आहेत का. मी म्हटलं, हो, तुमच्याही आणि माझ्याही, आत्ता या मिनिटाला बनतायत. त्यांनी स्वतःचे दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून पाहिले.

संध्याकाळी खोली काळोखी करून यंत्र सुरू झालं. हिरवट पडद्यावर आधी नुसता राखाडी धुरळा दिसला. मग ऑपरेटरने जागा सरकवली. पुष्कळशी मोडकी-तोडकी वर्तुळं, काही अर्धवट वाटीसारखी, काही एकमेकांत गुंतून पडलेली. मला वाटलं, संपलं. आणि मग एका कोपऱ्यात ते दिसले. गोल, नीट, भिजलेल्या साबुदाण्यासारखे, प्रत्येकाच्या मध्ये एक गडद ठिपका. थोडेच होते, पण मिटलेले होते. सर म्हणाले, "निम्म्याहून जास्त उघडे आहेत. का उघडे राहिले ते तुला ठाऊक आहे. बाकीचं इथे येऊन कर."

माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. बाबा यंत्राच्या दुर्बिणीत वाकले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरलेले, कारण ऑपरेटरने कशालाही हात लावू नका असं सांगितलं होतं. ते किती वेळ तसे होते कोण जाणे. ऑपरेटर खाकरला तरी उठले नाहीत.

"यातला एकही कुणी बसवलेला नाही?" त्यांनी न उठताच विचारलं. त्या शांत खोलीत त्यांचा आवाज फारच मोठा वाटला.

"नाही बाबा."

ते सरळ झाले, चष्मा खाली घेतला. "मग तुझ्याही कामात मी हात घालत नाही," म्हणाले. "तू तुझं बघ."

एवढंच. परतीच्या बसमधे त्यांनी संगमनेरला चहा घेतला आणि मला म्हणाले की वाटीसारखे जे होते ते बहुतेक उद्या मिटतील, नाही का? मी म्हटलं, काही मिटतील. त्यांना सगळे मिटायला हवे होते. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून ते एकटेच अंबडला गेले. मी येऊ का म्हटलं तर म्हणाले, शब्द मी टाकला होता, मीच परत घेऊन येतो. सोबत्याला त्यांनी काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. त्या माणसाने नंतर आमच्याकडे येणं जरा कमी केलं, तेवढं मात्र दिसलं.

मी आत्याकडे गेले ते खोक्याबद्दल विचारायला. आत्या म्हणाली, खोकं सोमीने भरलं, पण तिला काही बोलू नको, ती जीव टाकते तुझ्यावर. पण सोमीबाईंनीच विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. त्यांची कात्री थांबली. "पोरीच्या परीक्षेचा माल," त्या म्हणाल्या, "म्हणून म्या एक सोडून दोन कागद टाकले." मी त्यांना सांगितलं की थोडे मिटले, आणि मला पुण्याला बोलावलंय. त्यांनी कात्री खाली ठेवली. द्राक्षाला जे मानवतं ते तुझ्या मण्याला मानवत नाय, असं काहीतरी स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग मला त्यांच्या ताटातली नागलीची भाकरी दिली. आजही माझ्या प्रयोगशाळेत कुणी काळजीपोटी काहीतरी जास्तीचं घालतं आणि सगळं बिघडतं, तेव्हा मला रागवायचं म्हटलं तरी जमत नाही.

हल्ली आम्ही हे पोकळ गोळे संगणकावर आखतो. कुठला तुकडा कुठे टेकेल, पकड किती कच्ची ठेवायची, सगळं आधी ठरवतो. पकड फार घट्ट केली तर चुकलेला तुकडा सुटत नाही आणि सगळं अडकून बसतं, हे नवीन मुलांना शिकवावं लागतं. त्यांना वाटतं घट्ट म्हणजे चांगलं. मीही त्याच घरात वाढले, म्हणून मला ते समजतं. आणि इतक्या वर्षांनंतरही, तुकडे पाण्यात सोडले की पुढे नेमकं काय होईल याची मला तितकीच उत्सुकता असते. कधी मिटतात, कधी गाळ होतो. का, ते प्रत्येक वेळी कळतंच असं नाही. बाबा आता निवृत्त आहेत, कान जवळजवळ गेलेत. फोनवर ओरडून विचारतात, "मिटले का?" आणि मी काय सांगते ते त्यांना ऐकू येत नाही.

त्या जूनमध्ये मी पुण्याला निघाले तेव्हा ते स्टँडवर पोचवायला आले होते. पावसाळी ढग आले होते, द्राक्षांच्या खोक्यांऐवजी आता टपांवर कांद्याच्या गोण्या चढत होत्या. मी बसच्या पायरीवर चढले. खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा सैल होता, बराच सैल, आणि ते मला माहीत होतं. बाबांचा हात सवयीने पुढे आला. वाटेत थांबला. मग दोन्ही हात पाठीमागे गेले आणि एकमेकांत घट्ट धरले गेले, त्या यंत्रापुढे होते तसेच.

सिन्नर मागे पडल्यावर पट्टा सुटला आणि बॅग धपकन खाली आली. मी ती उचलून मांडीवर घेतली आणि पट्टा माझा मीच आवळला.